मामाचे दोन म

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने फराळाचं दुकान काढलं आणि नाव ठेवलं 'मामा फराळ'. हा मामा म्हणजे माझा दादा, तिचा थोरला मामा. दिवाळीत चकलीचा सोऱ्या त्याच्या हातातून कुणी काढून घेऊ शकत नसे. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. पाटीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दर आठवड्याला या जागी मी पाट्या, मथळे आणि अक्षरं यांच्याबद्दलच लिहितो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

भाचीला हाताने काढल्यासारखं, हसरं अक्षर हवं होतं. फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलाने दोन शब्द टाईप केले आणि एकेक फॉन्ट लावून दाखवायला सुरुवात केली. सातवा की आठवा तिला आवडला. कडा थोड्या खडबडीत, शिरोरेघ किंचित हललेली, म च्या गाठीखाली रंगाचा एक थेंब सुटलेला. खरोखर ब्रशने लिहिल्यासारखा दिसत होता.

मी पुन्हा पाहिलं. दुसऱ्या म च्या गाठीखालीही तोच थेंब होता, त्याच जागी, तेवढाच. 'मामा'तले दोन आणि 'फराळ'मधला एक असे तिन्ही काने मधोमध एकाच ठिकाणी दबलेले. माणसाच्या हाताला हे जमत नाही. रंग एकदा ओघळतो, तो दुसऱ्यांदा मोजून तिथेच ओघळत नाही. ते पाहिल्यावर मला त्या अक्षरात हात दिसेना, नुसता ठसा दिसू लागला.

हाताने रेखाटलेल्या फॉन्टची खरी कसोटी इथेच लागते, आणि मराठीत ती फार लवकर लागते. आपल्या घरातली कितीतरी नाती जोडीच्या अक्षरांची आहेत: मामा, काका, दादा, बाबा, नाना. फलकावर हाक मारायची म्हटली की तेच अक्षर लगेच दुसऱ्यांदा येतं आणि फॉन्टचं गुपित फुटतं.

या अडचणीवर एक धीट प्रयोग डच अक्षरकारांनी केला. एरिक व्हान ब्लोकलंड आणि युस्ट व्हान रोसम या दोन तरुणांचा 'बेओवुल्फ' नावाचा फॉन्ट १९९० साली बाहेर आला. त्यातल्या अक्षरांच्या कडा छापताना दर वेळी थोड्या सरकत, त्यामुळे एकाच पानावरचे दोन 'ए' कधीच तंतोतंत सारखे येत नसत. पुढे फॉन्टमध्येच एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवायची सोय आली. तेच अक्षर जवळपास पुन्हा आलं, की दुसरं रूप पुढे येतं.

रोमन लिपीला हे परवडतं. लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, त्यांची तिप्पट केली तरी काम आवाक्यातलं. देवनागरीत क आला की अर्धा क आला, क्त, क्र, क्ष आले, उकार जोडलेली रूपं आली. मुळात शेकडो आकार काढावे लागतात, तेव्हा कुठे फॉन्ट उभा राहतो. त्या प्रत्येकाचं जुळं भावंड काढायचं तर काही महिन्यांचं काम वाढतं, आणि त्या महिन्यांचे पैसे कुणी देत नाही. म्हणून दोन म असलेला मराठी फॉन्ट भेटला, की तो करणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करावा, इतकी ती मोठी गोष्ट आहे.

पण खेळकर अक्षर केवळ थेंबांनी आणि खडबडीत कडांनी होत नाही. ते कशावरून तरी सुचावं लागतं, आणि ज्यावरून सुचलं ते त्याच्या अंगात दिसावं लागतं. जगभर ज्याची टवाळी झाली त्या 'कॉमिक सान्स'चंच घ्या. १९९४ साली मायक्रोसॉफ्टच्या एका सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर एक कुत्रा बोलत होता आणि त्याच्या तोंडचे शब्द टाइम्स न्यू रोमनमध्ये उमटत होते. व्हिन्सेंट कॉनेअर यांना ते खटकलं. कुत्रा वर्तमानपत्राच्या भाषेत कसा बोलेल? कचेरीत बॅटमॅन आणि 'वॉचमेन'ची चित्रपुस्तकं होती, त्यांतल्या फुग्यांमधली अक्षरं समोर ठेवून त्यांनी फॉन्ट काढला. मला त्या टवाळीत कधीच सामील व्हावंसं वाटलं नाही. ज्या तोंडातून शब्द निघतो, त्या तोंडाला शोभेल असं अक्षर शोधायचं, ही त्यांची दृष्टी बरोबरच होती. पुढे लोकांनी ते नोटिसांवर आणि निधनवार्तांवर वापरलं, तो दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

आपल्याकडचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे 'मोदक'. मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचा हा फॉन्ट, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. २०१५ पासून तो कुणालाही मोफत वापरता येतो. आधी हाताने रेखाटलेला आणि मग संगणकावर चढवलेला. तो इतका गुबगुबीत आहे, की पहिल्यांदा पाहताना अक्षर वाचावं की उचलून तोंडात टाकावं असं होतं.

अक्षर जाड करणं सोपं वाटेल, पण देवनागरीत ते महाकठीण आहे. रोमन 'ओ'ला एकच भोक असतं. तो फुगवत न्या, भोक लहान होईल, ओ ओच राहील. आपला क घ्या. मधे उभा दंड, एका अंगाला बंद वाटी, दुसऱ्या अंगाला वळलेला बाक, डोक्यावर शिरोरेघ. वर वेलांटी किंवा मात्रा यायची, खाली उकार यायचा. दंड फुगवला की वाटी बुजते, वाटी वाचवली की बाक गुदमरतो. जाड अक्षर करणारे बहुतेक जण इथे माघार घेतात आणि कुठेतरी रेघ बारीक करून वेळ मारून नेतात. मोदकने माघार घेतली नाही. त्याने सगळी काया फुगू दिली आणि आतली पांढरी जागा नागमोडी, बारीक रेघेइतकी केली. आपण ते अक्षर काळ्यावरून वाचतच नाही, आतून वळत जाणाऱ्या त्या पांढऱ्या रेघेवरून वाचतो. मला त्या रेघा मोदकाच्या कळ्यांसारख्या दिसतात. पारी दोन बोटांत धरून चिमटत गेलं की दोन कळ्यांमध्ये जशी खाच राहते, तशा. नाव आधी सुचलं की आकार, याने मला फरक पडत नाही. आता ते दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

याच संस्थेचा 'बालू' किपलिंगच्या जंगलातल्या अस्वलाचं नाव घेऊन आला. टोकं गोल, अंग भरलेलं, चाल डुलत. मला त्यात सर्वांत भावली ती नावं ठेवण्याची रीत. हे अस्वल वेगवेगळ्या लिप्यांमध्ये गेलं आणि प्रत्येक ठिकाणी तिथलं नातं घेऊन नांदलं. बंगालीत 'बालू दा', गुरुमुखीत 'बालू पाजी', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन', तमिळमध्ये 'बालू थंबी', तेलुगूत 'बालू तम्मुडू', कन्नडमध्ये 'बालू तम्मा', ओडियात 'बालू भाईना', गुजरातीत 'बालू भाई', अरबी लिपीत 'बालू भाईजान'. कुठे थोरला भाऊ, कुठे धाकटा. देवनागरी अस्वल मात्र नुसतंच 'बालू'. त्याला 'दादा' म्हटलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

'यात्रा वन' हा कॅथरिन ली श्मिट यांचा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या फलकांवरून आला. त्यात रेघ जिथे तुटते तिथे ब्रश उचलल्याची खूण ठेवली आहे. आणखी एक न्याय त्यात केला आहे. रोमन अक्षरांनाच देवनागरी बोरूचा कोन दिला आहे. आजवर बहुतेक उलटं होत आलं: इंग्रजी फॉन्ट आधी ठरायचा, मग देवनागरीला त्याचे कपडे चढवायचे.

मला थोडी असूयाही वाटते, ती गुजरातीची. जॉनी पिनहॉर्न यांचा 'श्रीखंड' गुजरातमधल्या रस्त्यांवरच्या रंगवलेल्या अक्षरांवरून सुचलेला. तिरका, ठसठशीत, घट्ट, आणि गुजराती व रोमन दोन लिप्यांपुरता. पूजा सक्सेना यांचा 'फरसाण' गुजराती सिनेमाच्या पोस्टरांवरून आलेला, तोही याच दोन लिप्यांचा. आपल्या ताटातलं श्रीखंड अक्षरात आलं, पण मराठीत लिहायला ते चालत नाही.

सुचायला आपल्याकडे काही कमी आहे का? कमल शेडगे यांनी किती नाटकांची नावं लिहिली! वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की चित्राशिवाय, केवळ अक्षरावरून नाटक गंभीर आहे की फार्स हे कळायचं. २०२० साली ते गेले. त्यांचं काम हे अक्षरलेखन होतं, एका नावासाठी एकदाच काढलेली अक्षरं. नाव बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. फॉन्ट ही वेगळी गोष्ट आहे. तिथे आज काढलेला म उद्या कुणाच्या कुठल्या शब्दात, कुणाच्या शेजारी जाऊन बसेल हे ठाऊक नसतं, तरी तो तिथे शोभला पाहिजे. पण एकातून दुसऱ्याकडे जाता येतं. हनीफ कुरेशी यांनी ते करून दाखवलं. गावोगावच्या पेंटरांकडून अक्षरं काढून घेऊन त्यांनी त्यांचे फॉन्ट केले आणि प्रत्येकाला त्या पेंटरचंच नाव दिलं, 'पेंटर कफील' वगैरे. २०२४ साली कुरेशीही गेले. महाराष्ट्रातल्या पेंटरांकडे असं कुणीतरी वही घेऊन जायला हवं, आणि लवकर, कारण ब्रश धरणारे हात आता म्हातारे झाले आहेत.

ही घाई मला का वाटते ते सांगतो. २०२२ साली राज्याने कायदा दुरुस्त केला: दुकानाच्या फलकावर देवनागरीत मराठी असलंच पाहिजे, आणि ते दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन हे पाळायला सांगितलं. फलक बदलले, आणि मला त्याचा आनंद झाला. मग जवळ जाऊन पाहिलं. इंग्रजी नाव मूळच्या लाडक्या वळणात, आणि शेजारी मराठी नाव संगणकात आधीपासून असलेल्या फॉन्टमध्ये, जागा भरावी म्हणून आडवं ताणलेलं. कायद्याने अक्षर केवढं असावं ते सांगितलं. कसं असावं हे कायदा सांगू शकत नाही, ते आपल्याला हवंसं वाटावं लागतं.

आणि हवंसं वाटताना मराठीपणाकडेही बघावं. मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा, हे शासनाने स्पष्ट केलेलं आहे. 'कोपऱ्यावर' लिहिलं की र डोळ्याच्या पापणीसारखा यायला हवा, रफार होऊन डोक्यावर चढायला नको. नवा फॉन्ट हाती आला की मी आधी 'शाळा', 'लाडू', 'कोपऱ्यावर' आणि 'मामा' लिहून पाहतो. या चार शब्दांत जो टिकतो त्याच्याशी पुढचं बोलणं.

त्या दिवशी आम्ही फ्लेक्स न करताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी भाची एक डबा घेऊन आली. ती वसतिगृहात असताना दादाने तिला पाठवलेली सात पोस्टकार्डं. प्रत्येकाच्या शेवटी 'तुझा मामा'. पहिला म मोठा, पोट सुटलेला. दुसरा म कार्डाची कड जवळ आल्यामुळे अंग चोरून बसलेला आणि थोडा पुढे झुकलेला. सात कार्डांवर चौदा म, एकासारखा दुसरा नाही, आणि चौदाही दादाचेच.

आमच्या भागात एक पेंटरकाका अजून पाट्या रंगवतात. त्यांनी चष्मा वर करून सातही कार्डं टेबलावर मांडली. "अक्षर छान आहे," ते म्हणाले, "पण फराळ कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. मग आम्ही तिघं शोधायला बसलो. र मिळाला 'रडू नकोस'मध्ये. ळ मिळाला 'वेळेवर जेव'मध्ये, दोन्ही गोळे घट्ट आवळलेला. फ काही मिळेना. सातही कार्डं दोनदा वाचली. फार, फी, फोन, काही म्हणजे काही त्याने लिहिलं नव्हतं.

काकांनी 'परीक्षा'मधला प बोटाने दाखवला. रद्दी वर्तमानपत्रावर ब्रशने तो तीनदा गिरवला, डावीकडचा बाक दादा जसा आत घ्यायचा तसा येईपर्यंत. मग 'करू'मधल्या क चा उजवा बाक बराच वेळ पाहिला, दादा तो खाली न सोडता अर्ध्यातच उचलून घ्यायचा. ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला, आणि प च्या दंडाला उजवीकडून तोच बाक जोडला. भाचीने तो कागद वाळायच्या आतच उचलला, त्यामुळे तिच्या अंगठ्याला निळा रंग लागला. दादाने कधी न लिहिलेला फ होता तो, पण अक्षर त्याचंच होतं.