अनुदानाचा अर्ज शेवटाकडून लिहावा

येलहंका परिसरात काम करणाऱ्या छोट्या स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते अधूनमधून अनुदानाच्या अर्जांचे मसुदे घेऊन माझ्याकडे येतात. त्यांपैकी अनेकांचे काम उत्तम असते, अर्ज मात्र दुबळा असतो. ‘सर्वांगीण विकास’, ‘सक्षमीकरण’, ‘जनजागृती’ अशा भारदस्त शब्दांची त्यात रेलचेल असते. परंतु पैसा नेमका कशावर खर्च होणार आणि त्यातून काय बदलणार, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. परिणामी खरे काम करणारी संस्था मागे पडते आणि सफाईदार कागद सादर करणारी पुढे जाते.

माझ्या मते यावर एक साधा उपाय आहे. अर्जापूर्वी वर्षअखेरचे उपयोगिता प्रमाणपत्र लिहून पाहावे. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 नुसार असे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते, आणि त्यात खर्चाबरोबरच प्रत्यक्ष कामाचाही हिशेब असतो.

समजा, बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालवायचा आहे. ‘मुलांना शिक्षणाच्या प्रवाहात आणले’ हे कोणालाही प्रमाणित करता येणार नाही. साठ मुलांपैकी किती सरकारी शाळेत दाखल झाली, किती टिकली, किती जणांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येऊ लागला, हे मात्र सांगता येईल. बांधकाम संपताच मजुरांची वस्ती उठते, हा धोकाही अर्जात नमूद करावा. जाणकार अनुदानदाता धोका लपविणाऱ्यापेक्षा तो ओळखणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो.

मोजमापाचे मोल गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बालकांना घरीच सेवा दिली आणि तुलनेसाठी 47 गावांची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट झाल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2011 मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी सेवा देशभर सुरू केली. छोट्या संस्थेला एवढा अभ्यास झेपणार नाही, हे खरे. पण पहिल्या दिवसाची स्थिती आणि रोजची हजेरी वहीत नोंदविणे तिला निश्चितच शक्य आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. अनेक संस्था कार्यकर्त्यांचे मानधन अर्जात दाखविण्यास संकोचतात आणि मग वर्षभर उसनवारी करतात. परकीय योगदान कायद्यात 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, हे खरे. परंतु शाळेतील शिक्षकांचे वा रुग्णालयातील डॉक्टरांचे वेतन त्या मर्यादेत धरले जात नाही. खरा खर्च दाखविणे हा प्रामाणिकपणाच होय.

महाराष्ट्राबाहेर व परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना येथे दुहेरी भूमिका आहे. देणगी देताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भारतीय नागरिकाने परदेशातून बँकेमार्फत दिलेली स्वतःची रक्कम परकीय योगदान ठरत नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, आणि ती घेण्यास संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आणि रकमेइतकीच, किंबहुना अधिक, गरज आहे ती आपल्या गावच्या एखाद्या संस्थेचा अर्ज बारकाईने वाचून ‘हे वर्षअखेरीस कसे सिद्ध कराल?’ असे विचारणाऱ्या माणसांची.