रजोनिवृत्ती आणि आमचे मौन

उज्जयिनीच्या नानाखेड्यापासून गोव्यापर्यंत आमच्या घरांतील स्त्रियांना रजोनिवृत्तीच्या दाहावर एकच उत्तर मिळते : 'वयच तसे, सोसा.' हे आम्हांस मान्य नाही. हार्मोनचा उपचार घातकच, ही भीती २००२ साली अमेरिकेत थांबविलेल्या एका चाचणीतून पसरली. परंतु त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते! एकीच्या खटल्यातील पुराव्यावर दुसरीचा निकाल लावणे हा न्याय नव्हे. साठीच्या आत, वा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत, निरोगी स्त्रीला या उपचाराचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक. त्यापुढे आरंभ केल्यास पक्षाघाताचे भय वाढते. म्हणून निर्णय डॉक्टरांकडून तपासून घेऊन स्त्रीनेच करावा. देवळाच्या ओवरीत मधुमेहाची चर्चा खुशाल चालते. मग हीच व्यथा तेवढी अब्रह्मण्यम् का?