डोकं खाली!

सर्दीला जशी सुंठ, तसा गोल्फमधल्या यच्चयावत दुखण्यांवर आपल्याकडे एकच काढा पाजला जातो: "डोकं खाली ठेवा!" चेंडू उजवीकडे गेला? डोकं वर आलं. डावीकडे गेला? डोकं वर आलं. गेलाच नाही, तर मग काय विचारता! ड्रायव्हिंग रेंजवर चेंडूंची टोपली घेऊन उभे राहा. तिसऱ्या फटक्याला कुणी ना कुणी निवृत्त गृहस्थ हा काढा घेऊन हजर. फी नाही, पथ्य नाही आणि गुणही नाही.

या मंडळींशी माझं उघड भांडण आहे.

लांबचा फटका, म्हणजे टीवर चेंडू ठेवून ड्रायव्हर नावाच्या सर्वांत लांब काठीने मारायचा तो, अंगाच्या वळण्यातून निघतो. आधी कंबर फिरते, मग छाती, खांदे, हात, आणि शेवटी काठीचं टोक सपकन येतं. नेमक्या त्या क्षणी हनुवटी छातीत रुतवून बसा, की खांदे अडलेच. हात एकटे पडतात, वेग मरतो. वर मान धरते ती वेगळीच.

स्वीडनची ॲनिका सोरेनस्टाम चेंडूला काठी लागता लागताच मान पुढे वळवायची. २००१ साली तिने स्पर्धेतली अठरा भोकांची फेरी ५९ फटक्यांत संपवली. डेव्हिड ड्यूव्हलचीही मान तशीच फिरायची, आणि १९९९ साली त्यानेही ५९च केले. बिचाऱ्यांना वेळेवर आमची रेंज भेटली नाही!

यावर प्रतिपक्ष जॅक निकलॉसला साक्षीला आणतो. तो लहान असताना त्याचे गुरू जॅक ग्राउट आपल्या साहाय्यकाला त्याचे केस धरून उभं करत. (खुंटीला शेंडी बांधून अभ्यास करणारे आपले पूर्वज धन्य होवोत!) पण केस धरले ते डोकं इकडेतिकडे सरकू नये म्हणून, खाली दाबायला नव्हे. आणि ह्याच ग्राउटांनी पोराला सांगितलं होतं, की आधी जोरात मार, सरळ कसं मारायचं ते नंतर बघू. हे मात्र आमचे काढेवाले सोयीस्कर विसरतात. त्यांचं उलटंच: "हळू मारा, सरळ जाईल." हळू मारलेला चेंडूसुद्धा वाकडा जातो हो, फक्त जवळ पडतो, म्हणून तो सरळ वाटतो.

दिशेचं खरं गणित निराळं आहे. चेंडू कुठे निघणार, हे रुपयातले बारा आणे तरी काठीचं तोंड ठरवतं. तोंड आणि काठीची वाट यांचं पटलं नाही, की चेंडू हवेत वळतो. उजवीकडे वळतो म्हणून माणूस आणखी डावीकडे रोख धरतो, काठी आणखी तिरकी येते आणि चेंडू आणखी वळतो. यात डोक्याचा संबंध विचार करण्यापुरता.

अंतर हवं असेल तर घरातली टाल्कम पावडर ड्रायव्हरच्या तोंडाला फासा. ठसा मध्यावर उमटला, तर चेंडू काठीच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटतो. कडेला उमटत असेल, तर नव्या महागड्या ड्रायव्हरनेही फारसं काही होणार नाही. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी जरा उंच, म्हणजे काठी वर चढताना लागते. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण त्यासाठी समोरच्याकडे बघावं लागतं. "डोकं खाली" हे पाठ करूनही म्हणता येतं.

आणि यात इजा दुसऱ्याला होते. मान खाली घालून बसलेल्याला आपला चेंडू कुठे गेला ते सगळ्यांत शेवटी कळतं. पुढे उभ्या असलेल्या कॅडीला आधी. "फोर!" म्हणून ओरडायचं ते चेंडू दिसल्यावरच ना!

खरं तर रोग कॅडीलाच ठाऊक असतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर पूर्वी कॅडीच होता. एका वयस्क कॅडींना मी आडोशाला विचारलं, "आमच्या त्या मित्रांचं नेमकं काय चुकतं हो?"

"कंबर फिरतच नाही, साहेब."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"ते मला विचारतात, डोकं वर आलं ना रे? मी म्हणतो, हो साहेब, जरासं."