60 हजारांत जीप बनते, मग ती रस्त्यावर का चालत नाही?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातला एक व्हिडीओ देशभर फिरला. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून एक छोटी जीप बनवली होती. दुचाकीचं इंजिन, किक मारून स्टार्ट आणि खर्च साधारण 60 हजार रुपये. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तो व्हिडीओ ट्वीट केला, या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळालीसुद्धा.

गोष्ट एवढीच सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण महिंद्रांनी तेव्हा आणखी एक मुद्दा मांडला होता. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, त्यामुळे प्रशासन ती कधी ना कधी थांबवणारच.

त्यानंतर दर काही महिन्यांनी असं एखादं रील येतं. कुणी जुनी जीप कापून रुंद टायर बसवतो, कुणी मारुतीची स्पोर्ट्स कार करतो. सांगलीतल्याच एका मेकॅनिकने 1930 च्या फोर्डसारखी दिसणारी गाडी बनवली, तिचा खर्च 30 हजारांच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या. खाली कमेंट ठरलेली असते, "भाऊ, टोटल किती गेले?"

उत्तरात आकडा येतो, पण तो बहुतेक वेळा अर्धाच असतो.

हा छंद आला कुठून?

जुनी गाडी घ्यायची, अनावश्यक पत्रा काढून हलकी करायची, तगडं इंजिन बसवायचं आणि पळवायची. याला म्हणतात हॉट रॉड. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हे वेड सुरू झालं. तिथली पोरं जुन्या फोर्ड स्वस्तात उचलायची, मडगार्ड काढून टाकायची, छत कापून खाली घ्यायची आणि सुकलेल्या तलावांच्या सपाट जमिनीवर शर्यती लावायची. 1932 मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-8 इंजिन दिलं आणि या पोरांना खजिनाच सापडला. 1948 मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं. 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली, ती या शर्यती गावातल्या रस्त्यांवरून उचलून ट्रॅकवर नेण्यासाठी.

म्हणजे मुळात हा खिशात पैसे नसलेल्यांचा छंद. आज मात्र अमेरिकेतही 1932 ची मूळ बॉडी मिळणं इतकं अवघड झालंय, की तशीच बॉडी नव्या पत्र्यात बनवून विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्यात.

जालन्यात काय अवघड आहे?

कागदावर पाहिलं तर या छंदासाठी जालन्यासारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, पण आजचा पाळणा लोखंडाचा आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बिलेट बनतात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांची सळई होते. हातांचीही कमी नाही. अंबड, मंठा, भोकरदन कुठेही जा, ट्रॅक्टरची ट्रॉली नाहीतर नांगराचा फाळ जोडून देणारा वेल्डर सापडतोच. साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, तिथे वाळूज आणि शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने.

पण भट्टीमुळेच पहिली अडचण येते. भंगारवाल्याला गाडीचं वय किंवा रूप दिसत नाही, वजन दिसतं. समजा 700 किलोची जुनी गाडी आहे आणि भंगाराचा भाव किलोमागे 30 रुपये धरला, तर ती 21 हजारांची झाली. हौशी माणसाला यापेक्षा जास्तच मोजावे लागतात, कारण त्याची स्पर्धा भट्टीशी आहे. त्यात हौसेच्या गाड्या संपत चालल्यात. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर रस्त्यावरून गेली. अॅम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्येच थांबलं.

मग पैसे जातात कुठे?

बहुतेकांना वाटतं इंजिनात. प्रत्यक्षात इंजिन ही फक्त सुरुवात असते.

60 हजारांची जीप 60 हजारांत का होते? कारण तिचं इंजिन दुचाकीचं आहे, वेग कमी आहे, त्यामुळे बाकी सगळं साधं चालून जातं. हॉट रॉडचा हिशोब उलटा. ताकद वाढवली की गिअरबॉक्स तेवढा दणकट लागतो, मग प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरेन्शियल. चेसिसला जादा पट्ट्या माराव्या लागतात, नाहीतर पिळवटते. पाटे आणि शॉकअॅब्सॉर्बर बदलावे लागतात. आणि ब्रेक. वेग ताशी 40 वरून 80 किलोमीटर केला, तर गाडी थांबवायला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. रीलमध्ये सायलेन्सरचा आवाज ऐकू येतो, ब्रेकबद्दल कुणी बोलत नाही. पैसे वाचवायची वेळ येते तेव्हाही पहिली काटछाट तिथेच होते, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच आहे.

त्यानंतर पत्राकाम, पुट्टी, रंग, वायरिंग, काचा, रबर, सीट. यातलं एकेक काम किरकोळ वाटतं, पण अर्धवट राहिलेल्या गाड्या बहुधा याच टप्प्यावर ताडपत्रीखाली जातात. इंजिन एकदाच विकत घ्यावं लागतं, डेंटिंग-पेंटिंग मात्र मनासारखं होईपर्यंत संपत नाही. नव्या सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

आणि एक खर्च कधीच कुणी सांगत नाही. रोज संध्याकाळी दोन तास, वर्षातले 300 दिवस, अशी दोन वर्षं धरली तर 1,200 तास होतात. तासाला फक्त 100 रुपये मजुरी लावली तरी 1 लाख 20 हजार. म्हणजे 60 हजारांच्या सामानावर दुप्पट मजुरी, आणि ती रीलमध्ये शून्य दाखवलेली असते. ज्याला वेल्डिंग येतं त्याला हे चालतं, कारण त्याचा छंदच तो आहे. ज्याला गॅरेजवाल्याकडून करून घ्यायचंय, त्याने हाच आकडा आधी मांडावा.

खरी किंमत आरटीओच्या दारात कळते

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली आणि बदलांना मोकळीक देणारा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा, कारण हॉट रॉड म्हणजे बदलांचीच बेरीज.

मग जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल का? जुलै 2021 मध्ये केंद्राने त्यासाठी नियम केले. 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला 20 हजार, फेरनोंदणीला 5 हजार. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय ही गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. म्हणजे गाडी जशीच्या तशी जपली तर कायदा कौतुक करतो. कापून नवी केली तर तीच गाडी गुन्हा ठरते.

उरला तिसरा रस्ता, स्वतःची गाडी नवीन मॉडेल म्हणून मंजूर करून घेणं. ती व्यवस्था कंपन्यांसाठी आहे. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत नमुना गाडीच्या चाचण्या होतात, कारसाठी त्यात धडक चाचणीही येते. एकच गाडी बनवणाऱ्याने ती आपटून दाखवायची, तर मग चालवायची कोणती? ब्रिटनमध्ये हाताने बनवलेल्या एकट्या गाडीची तपासणी होते आणि तिला 'क्यू' अक्षराचा क्रमांक मिळू शकतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा गाड्यांसाठी नोंदणीचा वेगळा वर्ग आहे. आपल्याकडे हौशी माणसासाठी असं दारच ठेवलेलं नाही, आणि ही कायद्यातली खरी उणीव आहे. हात असलेल्या पोरांना तपासणी नाकारली म्हणून ती गाड्या बनवायची थांबत नाहीत, फक्त त्या गाड्या कुणी तपासत नाही.

"शेतातच चालवतो" हा युक्तिवादही वाटतो तितका भक्कम नाही. नोंदणीशिवाय गाडी चालवण्यास मनाई करणाऱ्या कलम 39 मध्ये सार्वजनिक जागेसोबत 'इतर कोणत्याही जागी' असेही शब्द आहेत.

दंड परवडेल एकवेळ. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, हे जास्त महागात जातं. अशा गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते, आणि न्यायालयाने ठरवलेली ती रक्कम गाडीच्या खर्चाच्या कित्येक पट असू शकते. ग्रामीण भागात त्याचा अर्थ जमीन.

कायद्यात बसून काय करता येतं?

दोन गोष्टी. पहिली, जुनी गाडी मंजूर किट बसवून सीएनजी किंवा इलेक्ट्रिक करणं. कलम 52 मध्येच त्याला वाट आहे, आणि आरटीओ नोंदणीत इंधन बदलून देतं. किट मान्यताप्राप्त आहे का, हे पैसे देण्याआधी तपासायचं. दुसरी, बाहा एसएईइंडियासारखी स्पर्धा. तिथे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः चेसिस आखून बग्गी बनवतात, तिच्या ब्रेकची आणि सांगाड्याची कसून तपासणी होते, मगच ती ट्रॅकवर उतरते. त्या बग्ग्या स्पर्धेला रस्त्याने चालत जात नाहीत, ट्रकमध्ये घालून नेतात.

आणि जुनी गाडी घ्यायचीच असेल, तर आधी आरसी मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. 15 वर्षं झालेल्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायला पूर्वी 600 रुपये लागायचे, एप्रिल 2022 पासून 5 हजार झाले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते 10 हजार करण्यात आले. फिटनेस तपासणीत पास व्हावं लागतं, ते वेगळंच. आरसी रद्द करून भंगारात काढलेली गाडी स्वस्त मिळते खरी, पण तिच्यावर पुढे कितीही लाख घाला, विकायच्या दिवशी तिचा भाव पुन्हा किलोवरच ठरतो.