कंपनी रजिस्टर झाली म्हणजे नाव तुमचं झालं का?

पुण्यातल्या ‘बर्गर किंग’ची केस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बातम्यांमध्ये वाचली असेल. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये पुण्यातल्या रेस्टॉरंटवर दावा ठोकला. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पुण्यातलं रेस्टॉरंट १९९२ च्या आसपास सुरू झालेलं आणि अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं रेस्टॉरंट २०१४ चं, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना ते नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. १४ वर्षं, तीन कोर्टं, आणि भांडण दोन शब्दांचं!

हे मोठ्या लोकांचं प्रकरण आहे, असं मलाही वाटायचं. मग आमच्यावरच वेळ आली.

मी आणि माझे दोन मित्र ॲनिमेशन आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांचं काम करतो. नाव ठरवलं, डोमेन मिळालं, इन्स्टाग्रामचं हँडल मिळालं, प्रायव्हेट लिमिटेडसाठी अर्ज केला आणि नाव मंजूरही झालं. सरकारनेच मंजूर केलंय म्हटल्यावर आता कोण काय बोलणार? दीड वर्षाने दुसऱ्या राज्यातल्या एका स्टुडिओच्या वकिलाची नोटीस आली. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. ट्रेडमार्क त्यांचा, आमच्या आधीचा. तो स्टुडिओ कंपनी नव्हताच, त्यामुळे कंपन्यांच्या यादीत दिसला नाही. ट्रेडमार्कच्या यादीत होता, पण ती यादी आम्ही उघडलीच नव्हती. ते जुनं नाव इथे लिहीत नाही, कारण आता ते आमचं नाही.

नेमका घोळ कुठे होतो?

आपल्याकडे नावाच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि प्रत्येक नोंदीचा अर्थ वेगळा असतो.

शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी म्हणजे ‘या नावाने धंदा चालू आहे’ एवढीच नोंद. त्यातून नावावर हक्क मिळत नाही.

कंपनीचं नाव मंजूर होणं म्हणजे त्या नावाची दुसरी कंपनी यादीत सापडली नाही. इथे अनेकवचन, स्पेस, स्पेलिंगमधला किरकोळ बदल किंवा मागे ‘डॉट कॉम’ जोडणं हे फरक धरलेच जात नाहीत. दुसऱ्याचा ट्रेडमार्क नावात नसावा, असाही नियम आहे. पण ती खात्री करायची जबाबदारी शेवटी अर्ज करणाऱ्यावरच येते.

डोमेनचं तर सरळ आहे. जो आधी पैसे भरेल त्याला ते मिळतं. पण मिळालं म्हणजे टिकलं असं नाही. सिफी विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं.

नावावरचा खरा हक्क येतो तो १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातून, आणि त्याच्याही आधी, ते नाव प्रत्यक्षात कोण कधीपासून वापरतंय यातून. नोंदणी नसली तरी जुना वापर असणारा माणूस कोर्टात जाऊ शकतो. म्हणून पहिलं बिल, पहिली पोस्ट, पहिलं छापील काम जपून ठेवा. उद्या तारीख सिद्ध करायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

मंजूर झालेलं नावही जाऊ शकतं

कंपनी कायद्याचं कलम १६ बघा. कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक तक्रार करू शकतो. तक्रार मान्य झाली तर तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. नाही बदललं तर सरकारच नवं नाव देतं. सप्टेंबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे ते नाव म्हणजे ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरं, पुढे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक. आदेश पाळला नाही याची ती जाहीर पाटीच. असल्या नावाने मुखपृष्ठाचं काम कोण देईल?

आमच्यावर ती वेळ आली नाही, आम्ही आधीच नाव बदललं. लेटरहेड, बँक खातं, जीएसटी हे सगळं दोन महिन्यांत उरकलं. उरकलं नाही ते वेगळंच. छापून आलेल्या पुस्तकांच्या श्रेयपानावर आजही जुनंच नाव आहे. किराणा दुकानाने पाटी बदलली तर गिऱ्हाईक तरी तेच राहतं. आमच्या धंद्यात श्रेयपानावरचं नाव हीच कमाई असते, आणि आमची पहिल्या दीड वर्षाची कमाई दुसऱ्याच्या नावावर आहे.

मग करायचं काय?

१. आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव शोधा. शोध फुकट आहे आणि उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. मराठी नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं, ते चारही प्रकार टाकून बघा. ‘आमचं देवनागरीत आहे’ हा बचाव फारसा टिकत नाही, कारण साम्य उच्चारावरूनही बघतात.

२. कामाचं वर्णन करणारं नाव टाळा. चित्रांच्या धंद्याला ‘चित्र’ नाव दिलं तर ट्रेडमार्क मिळणं अवघड. त्यापेक्षा ॲनिमेशन स्टुडिओचं नाव ‘ढेकूण’ ठेवा. घरच्यांना आवडणार नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ते जास्त भक्कम! एआयकडून नावं मागवत असाल तरी हा शोध तुम्हालाच घ्यावा लागेल.

३. अर्ज योग्य वर्गात करा. एकूण ४५ वर्ग आहेत. मनोरंजन आणि प्रकाशन ४१ मध्ये, डिझाइन ४२ मध्ये. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ लावा. वर्तुळातलं ‘आर’ नोंदणीनंतरच.

४. अर्ज कोणाच्या नावाने, हे आधीच ठरवा. मित्राच्या नावाने ट्रेडमार्क आणि धंदा तिघांचा, असं असेल तर भांडण झाल्यावर मित्र नाव घेऊन जाऊ शकतो. करारात तसं स्पष्ट लिहा.

५. लोगो बाहेरच्या फ्रीलान्सरकडून करून घेतला असेल तर कॉपीराइट लेखी लिहून घ्या. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आलाच, असं धरून चालू नका. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

६. कंपनी की एलएलपी, हे सगळ्यात शेवटी. प्रोप्रायटरशिप आणि साध्या भागीदारीत धंद्याचं देणं घरापर्यंत येऊ शकतं. कंपनीत आणि एलएलपीत ते सहसा येत नाही. कंपनीला दरवर्षी ऑडिट करावंच लागतं. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं तरच. पण वर्षभर एक रुपया आला नाही तरी एलएलपीचे वार्षिक फॉर्म भरावेच लागतात.

आम्ही हीच यादी नेमकी उलट्या क्रमाने केली होती. नवीन नाव ठरवताना मात्र आधी दोन संध्याकाळ ट्रेडमार्कच्या साइटवर घालवल्या, एका वकिलाला दाखवलं आणि मगच डोमेन घेतलं. तुमच्या डोक्यात एखादं नाव घोळत असेल तर लोगो काढायला बसण्याआधी तेवढा शोध आजच घ्या.