‘विरोधी’ प्रवाह कोणते?

अलीकडे आमच्या नियतकालिकांत कोठेंही दोन मतें दिसलीं कीं तेथें ‘परस्परविरोधी प्रवाह’ हा प्रयोग हटकून येतो. इंग्रजी ‘क्रॉस-करंट’चें हें मराठी रूप होय, अशी लिहिणारांची समजूत. आमच्या मतें ती चुकीची तर आहेच, पण निरुपद्रवीही नाहीं.

‘क्रॉस’ म्हणजे छेदून जाणारा. समोरून उलट येणाऱ्या पाण्यास ‘प्रतिप्रवाह’ म्हणावें, पृष्ठाखालून वाहणाऱ्यास ‘अंतःप्रवाह’. हे दोन्ही शब्द आयते आहेत. येथें गोष्ट तिसरीच आहे. एकाच पात्रांत दोन ओघ भिन्न दिशांनीं चालतात, एकमेकांत शिरतात, आणि नाव दोहोंच्याही ओढींत सांपडते. राजापेठेच्या चौकांत माणसें एकमेकांस आडवीं जातात. तेवढ्यावरून त्यांस वैरी ठरविणारा अद्याप आम्हांस भेटावयाचा आहे!

आमच्या वऱ्हाडाचाच इतिहास पाहा. १९४७ च्या अकोला करारांत मराठी भाषिकांचा एक प्रांत, त्यांत महाविदर्भास निराळें विधिमंडळ, आणि हें न साधल्यास महाविदर्भाचा स्वतंत्र प्रांत, अशीं कलमें शेजारीं शेजारीं नांदलीं. एकाच कागदावर दोन्ही ओघ! पुढें १९५३ चा नागपूर करार झाला, १९५५ त राज्यपुनर्रचना आयोगानें स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, १९५६ त विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० त महाराष्ट्रांत. या सर्व काळाचें वर्णन ‘एकीकरणवादी विरुद्ध विदर्भवादी’ एवढ्या दोन शब्दांत उरकणें म्हणजे अभ्यासाचा कंटाळा करणें होय. लोकनायक अणे हे स्वतंत्र विदर्भाचे कट्टे पुरस्कर्ते; तेच टिळकांचे निष्ठावंत अनुयायी व टिळकांचें संस्कृत चरित्रकाव्य रचणारे. त्यांस महाराष्ट्राच्या ‘विरोधी’ प्रवाहांत कोणत्या तोंडानें लोटावें? आणि तरी असें लोटणारे पंडित आहेत. एकदां ‘विरोधी’ म्हटलें कीं ‘द्रोही’ म्हणावयास फार वेळ लागत नाहीं.

कोणी ‘आडप्रवाह’ सुचवितात. परंतु आडवाट, आडगांव यांतला ‘आड’ बाजूला पडलेपणा दाखवितो. तेव्हां तो नको. ‘अंतर्विरोध’ हा तर एकाच विधानाच्या पोटांतला दोष. तो पाण्यास लावूं नये. आम्ही ‘छेदप्रवाह’ सुचवितों. कानास तो खडबडीत लागेल. सावरकरांचा ‘महापौर’ही प्रथम लागलाच असेल. ज्यांस तो रुचत नाहीं त्यांनीं ‘एकमेकांस छेदणारे प्रवाह’ असें सरळ लिहावें. दोन शब्द अधिक खर्ची पडल्यानें कोणत्याही संपादकाचें दिवाळें निघालेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.