उशिराच्या मदतीवर व्याज द्या

साप्ताहिक सदर : बांधावरून

ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम) दिली नाही, तर थकलेल्या रकमेवर कारखान्याला १५ टक्के व्याज द्यावं लागतं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात तशी तरतूद आहे. पीकविम्याची भरपाई कंपनीनं मुदत उलटल्यावर दिली, तर १२ टक्के. रोजगार हमीची मजुरी पंधरा दिवसांच्या पुढे गेली, तर दर दिवसाला ०.०५ टक्के. हे पैसे सहजासहजी मिळत नाहीत; उसाच्या व्याजासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं, कोर्टाची पायरी चढावी लागली. तरी भांडायला हातात एक तारीख आणि एक टक्केवारी असते. दुष्काळाच्या अनुदानाला यातलं काहीच नाही. ते खात्यावर कधीपर्यंत पडलं पाहिजे आणि नाही पडलं तर सरकारनं काय भरायचं, हे कुणी बांधूनच ठेवलेलं नाही.

२०२३ सालचंच बघा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या बेतात असताना आभाळ कोरडं. हलक्या रानातलं पीक पोळ्याच्या आधीच माना टाकून बसलं होतं. म्हणजे नुकसान काय झालं, हे गावाला सप्टेंबर उजाडायच्या आत ठाऊक होतं. राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला ३१ ऑक्टोबरला. केंद्राचं पथक पाहणीला आलं डिसेंबरमध्ये. तोवर सोयाबीनची रानं कधीच मोकळी झालेली. आणि या ४० तालुक्यांसाठी २,४४३ कोटी रुपये वितरित करायचा शासन निर्णय निघाला फेब्रुवारी २०२४च्या शेवटच्या दिवशी. त्यानंतर याद्या, त्यानंतर ई-केवायसी, त्यानंतर खातं. मधे १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता.

जाहीर करायला ऑक्टोबर अखेर का लागते, याचं उत्तर केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत आहे. पावसाची तूट आणि खंड, मग उपग्रहानं टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, भूजल, आणि शेवटी निवडलेल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पीक पाहणी. आणेवारीच्या जुन्या अंदाजापेक्षा ही पद्धत मोजमापाला पक्की आहे, हे मी मान्य करतो. तिचे घोळही आहेत. सरासरीशी तुलना करायची असल्यामुळे त्या वर्षी सांगली जिल्ह्यात पावसाचा म्हणून ओळखला जाणारा शिराळा तालुका यादीत आला आणि जत, आटपाडी बाहेर राहिले. ओरड झाल्यावर १० नोव्हेंबरला १,०२१ महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. त्यांच्या वाट्याला सवलती आल्या: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफ. फेब्रुवारीच्या त्या शासन निर्णयातली रोख रक्कम मात्र ४० तालुक्यांपुरतीच होती. पण आज मला निकषांवर लिहायचं नाही. जे निकषात बसले, त्यांचं काय झालं ते सांगायचं आहे.

सप्टेंबर ते मार्च या सात महिन्यांत घरात काय घडतं, ते मंत्रालयातल्या फाइलवर दिसत नाही. दसऱ्याला हाती येणारा सोयाबीनचा पैसा आलेला नसतो. दुकानदाराची खताची, औषधाची उधारी उभी असते. कडबा महागतो, आणि सगळेच विकायला निघाल्यामुळे बाजारात जनावराला भाव मिळत नाही. बैलजोडी जाते ती इथंच. बीडच्या वडवणी, धारूरसारख्या तालुक्यांतली माणसं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दुष्काळाच्या वर्षी ज्या घरांतून एरवी कुणी जात नाही, त्या घरांतलीही कोयता हाती घेतात. पोरीबाळींची शाळा तिथंच सुटते. पीककर्ज मुदतीत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते, म्हणून ते नवंजुनं करायला सावकाराकडून शेकड्याला तीन रुपये महिन्यानं पैसे उचलले जातात. म्हणजे वर्षाला ३६ टक्के.

मग एक दिवस गावात यादी लागते. प्रत्येकाच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक. तो घेऊन सेवा केंद्रात जायचं आणि अंगठा लावायचा. ज्याचा अंगठा हवा, तो त्या वेळी सातारा-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडात असतो. सातबारा सामाईक असेल, तर भावाभावांची संमतीपत्रं. बटाईनं किंवा खंडानं करणाऱ्याचं नावच यादीत नसतं, त्याचं नुकसान सरकारी हिशेबात झालेलंच नसतं. कोरडवाहू पिकाला आपत्ती निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये, तोही दोन हेक्टरच्या मर्यादेत. गुंठ्याला ८५ रुपये पडतात. ही रक्कम सप्टेंबरात हातात आली असती, तर तिनं चार महिन्यांचा चारा भरला असता, नाहीतर हरभऱ्याचं बी आणलं असतं. मार्चनंतर ती आली, की सावकाराच्या व्याजात जाते. सरकारच्या खतावणीत दोन्ही वेळा आकडा एकच लिहिला जातो, आणि माझा सगळा राग त्या आकड्यावर आहे.

महाराष्ट्रापुरतंच हे नाही. कर्नाटकानं त्याच वर्षी २३६पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले आणि केंद्राकडे १८,१७१ कोटी मागितले. केंद्रीय पथक ऑक्टोबरच्या सुरुवातीला येऊन गेलं, २० ऑक्टोबरला त्याचा अहवाल गेला. अहवालानंतर महिन्याभरात निर्णय व्हायला हवा, असं राज्याचं म्हणणं होतं. निर्णय आला नाही, म्हणून मार्च २०२४मध्ये कर्नाटक सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ३,४०० कोटींहून थोडी जास्त रक्कम मिळाली. एका राज्य सरकारला स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी ज्या दारात उभं राहावं लागलं, तिथं वडवणीच्या शेतकऱ्यानं कसं पोचायचं?

महसूल खात्यातले लोक सांगतात, घाई केली तर बोगस नावं घुसतात आणि उद्या लेखापरीक्षणात आम्ही अडकतो. ही भीती खोटी नाही. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक या तिघांवर किती गावांचा भार आहे, हे मी पाहतो. उशिराचा दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. पण पडताळणी पूर्ण होईपर्यंत सगळी रक्कम अडवून ठेवायचं कारण नाही. तालुका जाहीर झाला, म्हणजे तिथलं पीक गेलं हे सरकारनं स्वतःच मोजून सांगितलेलं असतं. मग लगेच पेरणीच्या नोंदीवरून निम्मी रक्कम द्यावी, उरलेली तपासून द्यावी. पैसा नाही, हेही ऐकून घेऊ नये. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी दरवर्षी मिळतो, त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटपात सर्वांत मोठा निधी महाराष्ट्राचा होता. तो खर्चायला दिल्लीच्या पथकाची वाट बघावी लागत नाही.

आणि मुदत घालायची तर तिला दंड हवा. २,४४३ कोटींवर १२ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं जवळपास साडेचोवीस कोटी. शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातून शे-दीडशे रुपये येतील, फार नाही. पण दर महिन्याला साडेचोवीस कोटी जादा जाणार असं दिसलं, की वित्त विभागात ती फाइल टेबलावर पडून राहणार नाही. विमा कंपनीला हाच दर लावताना सरकारला तो जास्त वाटला नव्हता.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दुष्काळावर चर्चा ठरलेली असते. यंदा त्या चर्चेत एकच मागणी आमदारांनी लावून धरावी. राज्यात २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्याखाली सेवा मुदतीसह अधिसूचित करता येते. दुष्काळी मदत त्या यादीत मुदतीसह घाला, आणि व्याजाची वेगळी तरतूद करा. ३१ ऑक्टोबरला तालुका जाहीर झाला, तर निम्मी रक्कम १५ नोव्हेंबरपर्यंत, उरलेली ३१ डिसेंबरपर्यंत. १ जानेवारीपासून १२ टक्के, आणि ते व्याज मूळ रकमेबरोबर थेट खात्यात, वेगळा अर्ज न मागता.